लेन्स्ट्रा, पण नेमके कोणते?

डच गणितज्ञ यान कारेल लेन्स्ट्रा यांचा जन्म १९४७ सालचा, झान्दामचा. वेळापत्रकांचं गणित हे त्यांचं क्षेत्र. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या विषयाबद्दल काही समजुती मात्र पक्क्या रुजल्या आहेत.

गैरसमज : प्रसिद्ध ‘एलएलएल’ पद्धत त्यांचीच.
वस्तुस्थिती : ती त्यांच्या भावांची. आर्येन आणि हेन्ड्रिक लेन्स्ट्रा यांनी लास्लो लोवास यांच्यासोबत १९८२ मध्ये ती मांडली, बहुपदींचे अवयव पाडण्यासाठी. यान कारेल यांनी १९७६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली ती कामांचे क्रम लावण्याच्या पद्धतींवर. पुढे २००३ ते २०११ ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या ‘सीडब्ल्यूआय’ या राष्ट्रीय गणित-संगणन संस्थेचे संचालक होते.

गैरसमज : कामांचा क्रम लावायला गणित कशाला?
वस्तुस्थिती : एका यंत्रावर ३०, १० आणि ५ मिनिटांची तीन कामं आहेत. मोठं आधी घेतलं तर ती ३०, ४० आणि ४५व्या मिनिटाला संपतात, बेरीज ११५. छोटं आधी घेतलं तर ५, १५, ४५, बेरीज ६५. यंत्र तेच, कामं तीच, तरी ग्राहकांचं ताटकळणं जवळपास निम्म्यावर!

गैरसमज : संगणक सगळे क्रम तपासून टाकेल.
वस्तुस्थिती : वरच्या उदाहरणात तपासायची गरजच नाही, लहान ते मोठं असं लावलं की झालं. पण प्रत्येक कामाला मुदत आणि उशिराला वेगवेगळा दंड ठेवला, की असा सरळ नियम हाती लागत नाही. वीस कामांचे क्रम होतात सुमारे २४३ वर सोळा शून्यं. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासले तरी ७७ वर्षं लागतील. कुठलं कोडं सोपं आणि कुठलं मुळातच अवघड, ही सीमारेषा आखण्यात लेन्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

गैरसमज : अवघड ठरलं, म्हणजे विषय संपला.
वस्तुस्थिती : एकाच कामाला यंत्रागणिक वेगळा वेळ लागत असताना कामं यंत्रांवर वाटून सगळं लवकरात लवकर उरकायचं, हे असंच एक अवघड कोडं. लेन्स्ट्रा, डेव्हिड श्मॉइस आणि एव्हा टार्डोश यांनी १९९० मध्ये त्यावर झटपट चालणारी रीत दिली. तिचं उत्तर सर्वोत्तम असेलच असं नाही, पण सर्वोत्तमाच्या दुपटीपलीकडे वेळ जाणार नाही, ही हमी सिद्ध केलेली. कारखान्याला सकाळी यंत्रं सुरू करायची असतात. ७७ वर्षांनी येणाऱ्या अचूक उत्तरापेक्षा त्याला ही हमी कामाची.