जीपच्या पाठीवरचे चाक

आमच्या घरची जुनी जीप गल्लीत सर्वांच्या परिचयाची आहे. महिंद्राची, सीजे ३बी जातीची. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी. तिचे जादा चाक, म्हणजे आपली स्टेपनी, मुळात बाजूला होते. उसाच्या अरुंद पाणंदीत ते बांधाला घासे, म्हणून आप्पांनी ते एका वर्कशॉपात मागच्या फाळक्यावर बसवून घेतले.

गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर, गाडी खड्ड्यात आदळली आणि फाळक्याचा पत्रा फाटून चाक बोल्टांसकट रस्त्यावर पडले. मागून थोरला भाऊ मोटारसायकलवर येत होता. चाक त्याच्या उजव्या अंगाने घरंगळत चरीत गेले. मध्ये हातभर अंतर राहिले. त्या रात्री आई कोणाशीच बोलली नाही.

मी यंत्रशाखेचा विद्यार्थी, तेव्हा दुरुस्ती माझ्या गळ्यात पडली. फाटलेला पत्रा पाहिला तर भोकांभोवतीच्या चिरा आतून गंजलेल्या होत्या. म्हणजे तो त्या खड्ड्यात फाटला नव्हता, कित्येक महिने फाटत होता! रिमसकट चाक सुमारे २५ किलोचे, आणि त्याचा भार पत्र्यापासून बाहेर लोंबतो. प्रत्येक धक्क्याला वरचे बोल्ट पत्रा ओढतात, खालचे दाबतात. तार पुन्हा पुन्हा वाकवून आपण तोडतो, तोच हा प्रकार.

मग महायुद्धातल्या विलीज जीपचे चाक मागेच असे, ते कसे टिकले? तिला उघडणारा फाळका नव्हताच. मागची बाजू बॉडीशी अखंड होती. १९४५ साली नागरी जीप निघाली, तिला फाळका आला आणि चाक बाजूला गेले. आम्ही मात्र फाळकाही ठेवला आणि चाकही त्यावरच टांगले.

आता चाकाचा भार चासीवर घ्यायचे ठरले. मागच्या आडव्या तुळईच्या एका टोकाला उभी खीळ, तिच्यावर फिरणारा लोखंडी हात आणि हातावर चाक. हात बाजूला फिरवला की फाळका मोकळा. मेस्त्रींकडे खिळीवर बसणारा २० सेंटिमीटरचा पाइप तयार होता. "एवढा पुरे की," म्हणाले. मी खडूने फरशीवर हिशेब मांडला. चाकाचा मध्य खिळीपासून ६० सेंटिमीटर. २५ गुणिले ६० म्हणजे १५००. त्याला २० ने भागले तर हात उघडा असताना पाइपच्या वरच्या आणि खालच्या बुशवर आडवा जोर ७५ किलोंचा. पाइप ३० सेंटिमीटरचा घेतला तर तोच ५० वर येतो. खड्ड्यातले धक्के वेगळेच. मेस्त्रींनी फरशीकडे पाहिले आणि मुकाट्याने लांब पाइप कापला.

दुसऱ्या टोकाला नुसती कडी पुरत नाही. तिथे हाताखाली टेकू हवा आणि त्यावर रबर; बंद असताना जवळपास निम्मे वजन त्यावर बसते. कडीसुद्धा रबर थोडे दाबूनच लागली पाहिजे. खडखड ऐकू आली की खीळ झिजू लागली असे समजावे.

चाक मागे नेल्याने पुढचा भार थोडा कमी होतो. आमच्या जीपच्या दोन आसांमध्ये ८० इंच, आणि चाक मागच्या आसापासून साधारण ३२ इंच मागे. त्याने पुढच्या आसावरचे दहाएक किलो उचलले जातात. एवढे चालते. पण आप्पांना तिथेच डिझेलचे दोन कॅनही टांगायचे होते, ते मी होऊ दिले नाही.

चाकाआड नंबरपाटी आणि डावा दिवा झाकला गेला, ही माझी चूक. दोन्ही सरकवून घेतले. पहिल्यांदा हात बंद करताना मेस्त्री ओरडले, "निधान, निधान!" भाऊ तेव्हाही गाडीच्या मागे उभा नव्हता, तो बाजूला, गोठ्याच्या दारात थांबला होता.