मनगटाचे अर्धसंधिरोपण : संज्ञा, रचना आणि मर्यादा

उरण तालुक्यातील मोरा बंदरास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच येते. ती धक्क्याला लागत असता खलाशी दोर फेकतो. त्या वेळी त्याचे मनगट प्रथम मागे व अंगठ्याच्या बाजूस झुकते आणि नंतर पुढे व करंगळीच्या बाजूस येते. हातोडा मारताना किंवा तांब्यातून पाणी ओतताना हीच तिरकस गती दिसते. इंग्रजीत तिला भिंतीवरच्या चकतीवर बाण फेकण्याच्या खेळावरून नाव मिळाले आहे. मराठीत तिला 'तिर्यक् गती' म्हणता येईल. मनगटाच्या संधिवातावरील एका शस्त्रक्रियेचा सारा विचार या गतीभोवती फिरतो. ती शस्त्रक्रिया म्हणजे अर्धसंधिरोपण होय.

व्यवहारात मनगट हा एक सांधा मानला जातो; रचनेच्या दृष्टीने तो सांध्यांचा समूह आहे. त्यात आठ लहान हाडे असून ती चार-चारांच्या दोन ओळींत मांडलेली असतात. पहिली ओळ अग्रबाहूच्या हाडांलगत, तर दुसरी तळहाताच्या हाडांलगत असते. पहिल्या ओळीतील दोन हाडांना आकारावरून नौकाकृती व अर्धचंद्राकृती अशी नावे आहेत. अग्रबाहू व पहिली ओळ यांच्यामधला एक सांधा आणि दोन ओळींमधला दुसरा, असे दोन प्रमुख सांधे येथे कार्य करतात. तिर्यक् गती मुख्यतः या दुसऱ्या सांध्यात घडते. पहिली ओळ त्या वेळी जवळजवळ स्थिर असते.

'संधिवात' हा शब्द भिन्न विकारांना लावला जातो. एका प्रकारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आवरणावर आघात करते. दुसऱ्या प्रकारात जुनी दुखापत कारणीभूत होते. हातावर पडल्याने नौकाकृती हाड मोडले व ते जुळून आले नाही, तर हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा वर्षानुवर्षे झिजत जाते. ही झीज सामान्यतः अग्रबाहूकडील बाजूस सुरू होते. दुसऱ्या ओळीचे पृष्ठभाग पुष्कळदा बराच काळ शाबूत राहतात. अर्धसंधिरोपणास आधार मिळतो तो येथेच.

यावरचा जुना व भरवशाचा उपाय म्हणजे हाडे एकजीव करून सांधा कायमचा स्थिर करणे. त्याने वेदना बहुधा थांबते व पकड बळकट होते. गती मात्र जाते. गती राखण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न 1890 साली बर्लिन येथे थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी हस्तिदंती सांधा बसवून केला. 1967 मध्ये आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी सिलिकोनचा सांधा वापरात आणला. पुढे धातू व प्लास्टिक यांचे पूर्ण सांधे आले. परंतु त्यांचा तळहाताकडील भाग लहान हाडांत पक्का टिकत नाही, तो सैल होतो, असा अनुभव वारंवार आला.

अर्धसंधिरोपणात हा दुसरा भाग बसविलाच जात नाही. येथे 'अर्ध' या पदाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. मनगटाचा अर्धा भाग बदलला, असा तो नव्हे. परस्परांवर फिरणाऱ्या दोन पृष्ठभागांपैकी एकच कृत्रिम असतो, असा तो आहे. सामान्यतः पहिली ओळ काढून अग्रबाहूच्या हाडाच्या टोकावर धातूचा पृष्ठभाग बसवितात आणि त्यावर रुग्णाची स्वतःची दुसरी ओळ फिरते. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक स्कॉट वुल्फ व ब्राउन विद्यापीठातील अभियंते जोसेफ क्रिस्को यांनी अशा एका कृत्रिम भागाचा आकार तिर्यक् गतीला अनुसरूनच आखला.

संपूर्ण गती परत मिळाली नाही तरी नित्याचे व्यवहार अडत नाहीत. पामर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985 च्या मोजणीनुसार बहुतेक नित्यकर्मांना मनगट 30 अंश मागे, 5 अंश पुढे, 10 अंश अंगठ्याकडे व 15 अंश करंगळीकडे वळले, तरी पुरते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. दुसऱ्या ओळीची कूर्चा आधीच नष्ट झाली असल्यास ही शस्त्रक्रिया योग्य ठरत नाही. शाबूत कूर्चाही धातूवर घासून कालांतराने झिजू शकते. जड ओझे व वारंवार बसणारे हिसके कृत्रिम भाग सैल करू शकतात. म्हणून कष्टाची कामे करणाऱ्यास शल्यचिकित्सक बहुधा सांधा एकजीव करण्याचाच सल्ला देतात.

येथे एक कठीण विसंगती उभी राहते. ज्या खलाशाला दोर फेकण्यासाठी तिर्यक् गती सर्वाधिक हवी, त्याचेच काम ती गती राखणाऱ्या उपायास सर्वाधिक प्रतिकूल आहे. पोटाचा व्यवसाय सोडून गती राखावी, की गती सोडून व्यवसाय, हा प्रश्न क्ष-किरण चित्र पाहून सुटत नाही. तो रुग्णाशी बोलूनच सोडवावा लागतो. म्हणून त्या संभाषणातील शब्दांना महत्त्व आहे. 'सांधा बदलू' या वाक्याने रुग्णास नवा, पूर्ववत सांधा मिळण्याची अपेक्षा वाटते. 'एक बाजू धातूची होईल, दुसरी तुमचीच राहील. वेदना कमी होईल, पण जड ओझे उचलता येणार नाही', हे विधान लांब आहे. परंतु संमती ज्यास द्यावयाची ती वस्तू त्यातच पुरी सांगितलेली आहे.