टपाचें अस्तर

मोटारींत बसलेला मनुष्य खिडकीबाहेर पाहतो, पुढचा रस्ता पाहतो. मान वर करून फारसें कोणी पहात नाहीं. आमच्या गाडींत मात्र वर पाहिल्यावांचून गत्यंतर नसे, कारण टपास आंतून लावलेलें कापड सुटून बसणाराच्या डोक्यास लागे. या कापडास काय म्हणावें? अमरकोशांत 'वितान' आणि 'उल्लोच' असे दोन शब्द दिले आहेत. परंतु ते मंडपाच्या छतास शोभतात. गाडीवाले 'रूफ लायनिंग' म्हणतात. आम्ही आपलें 'अस्तर' म्हणूं. कोटाचें अस्तर बाहेरून दिसत नाहीं, पण तें फाटलें कीं कोट अंगांत घालवत नाहीं, तसेंच हें.

गाडी 'प्रीमियर पद्मिनी'. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० गाडीचें जें भारतीय रूप तयार होई, त्यास १९७४ च्या सुमारास हें नांव मिळालें. आमच्या थोरल्या बंधूंनीं ती १९७८ सालीं घेतली. तीहि नोंदणी करून पुष्कळ वाट पाहिल्यावर. संस्कृतांत पद्मिनी म्हणजे कमळांचें तळेंहि. कात्रपच्या पावसाळ्यांत गाडीच्या तळाशीं सांचणारें पाणी पाहून हें नांव ठेवणाराच्या दूरदृष्टीची आम्हांस वेळोवेळीं खात्री पटत गेली.

दादा २०१९ सालीं गेले आणि गाडी अंगणांत राहिली. आठवड्यांतून एकदां आम्ही ती स्टेशनापर्यंत फिरवून आणीत असूं. २०२३ च्या जूनमध्यें तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. खासगी गाडीस पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं तपासणी करवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेलें होतें. आमचा पुतण्या पहांटेच्या लोकलनें मुंबईस जातो तो रात्रीं परततो. 'काका, पांच हजार भरून ही डोक्यावर लोंबणारी गाडी ठेवायची कशाला? भंगारांत देऊं,' असें तो म्हणाला, आणि तें कांहीं अविचाराचें बोलणें नव्हतें. वहिनी तोंवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, 'भाऊजी, आधीं ती बसण्याजोगी करा. विकायची कीं ठेवायची तें मग पाहूं. लोंबतें कापड आहे म्हणून ती जायला नको.'

दहा-बारा वर्षांपूर्वीं एका कारागिरानें मूळचें अस्तर न काढतां त्यावरच फोमची पाठ असलेलें नवें कापड, कडेनें आणि मध्यें ठिकठिकाणीं डिंक लावून, चिकटवून दिलें होतें. फोमला उष्णता आणि दमट हवा सोसत नाहीं. कांहीं वर्षांनीं त्याची पिवळी भुकटी होते, आणि कापडानें धरून रहावें असें कांहींच उरत नाहीं. आतां दुसऱ्यास विचारलें तर तोहि म्हणाला, 'चिकटवून देतों.' तेव्हां काम घरींच करावयाचें ठरलें.

मूळ रचना पाहिली तेव्हां ती योजणाराविषयीं आदर वाटला. हें अस्तर टपास चिकटवलेलें नव्हतेंच. मच्छरदाणीसारखें टांगलेलें होतें. कापडाच्या वरच्या अंगास ठराविक अंतरावर आडवे नेफे शिवलेले. लेंग्याच्या नेफ्यांतून नाडी जाते तशी त्या प्रत्येकांतून पोलादी तारेची एक कमान जाते आणि तिचीं टोकें दरवाज्यांवरच्या भोंकांत बसतात. डिंक लागतो तो केवळ कडांस. त्या पुढच्या-मागच्या काचांच्या रबराखालीं व दरवाज्यांच्या कांठावर ताणून बसवितात. कमानी दिसावयास सारख्या, पण टपाचा बांक सर्वत्र एक नसल्यामुळें एकीची जागा दुसरी घेत नाहीं. म्हणून काढतांनाच प्रत्येकीस पुढून अनुक्रमानें चिठ्ठी बांधली आणि तिचें टोक कोणत्या भोंकांत होतें तेंहि टिपून ठेविलें. टिपण्याचें काम नातीकडे दिलें. डाव्या-उजव्याची चूक तिच्या हातून झाली नाहीं. आमच्या हातून दोनदां झाली.

अस्तर उतरलें आणि गंज व भुकटी यांचा आमच्या अंगावर वर्षाव झाला. नाकातोंडास फडकें बांधावें, डोळ्यांवर चष्मा ठेवावा. उष्णता व आवाज अडविण्यासाठीं पत्र्यास आंतून नमद्यासारखा जाड थर लावलेला होता. तो भिजून कित्येक पावसाळे पत्र्यास बिलगून राहिला होता. मागच्या काचेजवळ वाटाण्याएवढें भोंक पडलें होतें. अंबरनाथच्या एका वेल्डरनें तें बुजविलें. बाकीचा गंज आम्हीं तारेच्या ब्रशानें व पॉलिशपेपरनें खरवडला आणि रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. चार दिवस गेले, पण येथें घाई करणारानें पुढचें काम हातीं घेऊंच नये.

नव्या अस्तराचा नमुना म्हणजे जुनें अस्तरच. तें शिवणींवर उसवावयाचें, तुकडे सपाट करावयाचे आणि त्यांवरून नवें कापावयाचें. आमचा हात थांबला तो येथें. दादा उंच होते आणि रोज डोक्यास खोबरेल लावीत. चालकाच्या बैठकीवर, मूळच्या अस्तरास, त्यांच्या डोक्याचा तळहाताएवढा तेलकट डाग होता. वरच्या कापडाखालीं तो झांकला गेला आणि आम्ही सर्व विसरून गेलों होतों. वहिनींनीं तो पाहिला आणि त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या. त्या दिवशीं आम्हीं काम बंद ठेविलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्या लहान कात्री घेऊन अंगणांत आल्या. 'उसवायचेंच आहे तर मीच उसवतें. तुमच्या हातून फाटेल,' म्हणाल्या. एकेक टांका तोडीत दोन दिवसांत त्यांनीं सबंध अस्तर उसविलें. डागाचा तुकडा त्यांनीं शेवटीं घेतला.

कापडासाठीं उल्हासनगर गांठलें. नातीस फुलांचें हवें होतें. २०१५ सालीं 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमानें कलाकारांकडून मुंबईच्या टॅक्स्यांचीं आसनें व छतें नक्षीदार करविलीं होतीं, त्यांचीं चित्रें तिनें पाहिलेलीं. वहिनींनीं पूर्वीं होता तोच पिवळसर पांढरा रंग घेतला. रेक्झिन पातळ व किंचित् ताणलें जाणारें हवें. आसनांचें जाड रेक्झिन वळणावर बसत नाहीं. शिवण वहिनींच्या जुन्या पायमशीनवरच झाली. टांका लांब ठेवावा लागतो, नाहीं तर टपालाचें तिकीट फाटावें तसें तें भोंकांच्या ओळीवर फाटतें. चुकलेला टांका उसवला तरी त्याचें भोंक राहतेंच, म्हणून टांचण्यांऐवजीं चिमटे लाविले. नेफ्यांचें अंतर बोटभर जरी चुकलें तरी वर सुरकुती पडते.

टांगणें मे महिन्याच्या उन्हांत केलें, कारण तापलेलें रेक्झिन मऊ होऊन चांगलें ताणतें. कापडावर मध्यरेषा आंखली, कमानी चिठ्ठ्यांच्या क्रमानें बसविल्या, प्रथम पुढचा मध्य, मग मागचा मध्य, आणि नंतर एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे असें ओढीत गेलों. कडा धरून ठेवावयास कपडे वाळत घालण्याचे चिमटे! घरांतील सगळे चिमटे गाडीस लागल्यामुळें सूनबाईंचीं ओलीं लुगडीं व मुलांचे सदरे तारेवर नुसतेच राहिले आणि दोन शेजाऱ्यांच्या गच्चीवर उडाले. सर्व ताण मनासारखा बसल्यावर मग डिंक. तो दोन्ही अंगांस लावून, बोटास चिकटेनासा होईपर्यंत वाळूं द्यावा आणि मग दाबावें. वाढीव कापड सर्वांत शेवटीं कापावें, हेंहि आम्हांस ठाऊक होतें. तरी मागच्या काचेपाशीं आम्हीं तें आधीं कापलें. डाव्या कोपऱ्यांत कड बोटभर तोकडी पडली. वर्गांत चाळीस वर्षें 'आधीं वाचा, मग लिहा' असें सांगणाराचा हा पराक्रम. वहिनींनीं तेथें आंतून पट्टी जोडून दिली; रागें भरल्या नाहींत, हेंच अधिक लागलें.

कल्याणच्या परिवहन कार्यालयांत तपासणी झाली. दिवे, ब्रेक, भोंगा सर्व पाहिलें गेलें. वर कोणीं पाहिलें नाहीं. वहिनी मागच्या बैठकीवर बसल्या होत्या. नोंदणी वाढली. त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या वयोमर्यादेमुळें रस्त्यावरून गेल्या. जुन्या अस्तराचे तुकडे, नातीच्या चिठ्ठ्यांसकट, वहिनींनीं एका जुन्या धोतरांत गुंडाळून ट्रंकेंत ठेविले आहेत. 'पुढच्या खेपेस नमुना लागेल,' असें त्या म्हणतात.

जूनमधील पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्रीं पुतण्या भिजतच स्टेशनावरून आला आणि घरांत न येतां गाडींत जाऊन बसला. दिवा लावून तो बराच वेळ मागच्या काचेच्या कडा बोटानें चांचपीत होता. मग खिडकींतून हांक मारली : 'काका, या डाव्या कोपऱ्यांत ओलें लागतें. रबर गेलेंय. रविवारीं काढूं या का?'