बांधावरचा खेकडा : विष घालू नका, धरून रस्सा करा



मृगाच्या सरी पडल्या, तापलेल्या जमिनीत पाणी मुरले, की चार-सहा महिने बिळात दडी मारून बसलेला खेकडा बाहेर पडतो. कुठे त्याला मुठा म्हणतात, कुठे किरवा, मालवणाकडे कुर्ली. भाताच्या पट्ट्यात त्याच सुमारास आमच्याकडे विचारणा सुरू होते : "साहेब, बांध पोखरलाय, कोणते औषध घालू?" आणि त्याच घरची पोरे रात्री बत्ती घेऊन ओढ्याला खेकडे धरायला गेलेली असतात! एकाच शिवारात एकाने विष ठेवायचे आणि दुसऱ्याने तिथलेच खेकडे घरी आणायचे, हे काही बरे नाही. म्हणून आज या विषयावर लिहितो आहे.

खेकडा नुकसान करतो, यात वाद नाही. कोवळी रोपे तो जमिनीलगत कापतो आणि बिळात ओढून नेतो. त्याहून मोठे नुकसान बांधाचे. बीळ आरपार गेले की खाचरातले पाणी रातोरात खाली उतरते, त्याबरोबर घातलेले खतही जाते. यावर शिजवलेल्या भातात गूळ आणि कीटकनाशक कालवून बिळाच्या तोंडाशी गोळ्या ठेवण्याचा उपाय आहे. तो शेवटचा समजावा. गोळी खाल्लेला खेकडा तिथेच मरतो असे नाही. कधी तो ओढ्यापर्यंत चालत जातो. त्याला कोंबडी, कुत्रा, बगळा खातो, आणि माणूसही. काही जण बिळात फोरेटचे दाणे टाकत. त्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. माळ्यावर जुनी पिशवी राहिली असेल तर ती बांधावर रिकामी करण्याचा मोह धरू नका.

शेजारच्या कर्नाटकातली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हंदिगोडू नावाचे गाव आहे. तिथे १९७५ च्या सुमारास गोरगरीब कुटुंबांत सांधे आणि हाडे निकामी करणारा आजार दिसला. पहिला संशय गेला तो भातावर फवारलेल्या औषधांवर आणि त्याच खाचरांतले खेकडे खाण्यावर. पुढच्या अभ्यासात तो आजार आनुवंशिक असल्याचे दिसून आले. खेकडा त्यातून सुटला, पण म्हणून विषारी शिवारातला खेकडा खाण्याजोगा ठरत नाही. फवारणी झालेल्या किंवा आमिष ठेवलेल्या खाचरातला, तिथले पाणी उतरते त्या ओहळातला खेकडा घरात आणू नये. आमिष ठेवणाऱ्यानेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि खेकडे धरणाऱ्या वाडीला आधी सांगावे. मेलेले खेकडे गोळा करून खोल पुरावेत.

याउलट धरण्याचा उपाय. लावणीपूर्वी आठ-दहा रात्री दोन-तीन घरांनी मिळून बांध फिरले तर उपद्रव पुष्कळ उतरतो आणि कालवणाचीही सोय होते. पावसाची सर येऊन गेलेली उकाड्याची रात्र सर्वांत चांगली. बत्तीचा उजेड अंगावर पडला की खेकडा क्षणभर थबकतो. तेवढ्यात मागच्या बाजूने, पाठीच्या कवचाला दोन्ही कडांनी अंगठा आणि बोटाने धरावे. तिथे त्याची नांगी पोचत नाही. नांगीत बोट सापडलेच तर हिसका देऊ नका. हात खेकड्यासकट पाण्यात टेकवा, म्हणजे बहुधा तो सोडतो.

दिवसा बीळ ओळखायला नजर लागते. तोंडाशी ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या आणि नख्यांचे ओरखडे दिसले तर धनी घरात आहे. कोरडी भुसभुशीत माती असेल तर ते उंदराचे. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल तर वेळ दवडू नका. कातकरी माणूस बिळात खांद्यापर्यंत हात घालून खेकडा काढतो, ते पाहून आपण तसे करू नये. त्याचा हात पिढ्यांचा तयार आहे, आणि बिळात साप असतो तेव्हा तो खेकड्याची परवानगी घेऊन आत गेलेला नसतो. काठीच्या टोकाला कोंबडीचे आतडे किंवा गांडुळे बांधून बिळाशी हलवली की खेकडा नांगीने धरून बाहेर येतो. ओढ्यातला दगड उलटला तर पुन्हा होता तसा ठेवावा. त्याखाली दुसरा बिऱ्हाड करतो. पायांत गमबूट हवेत. पायाला जखम असेल तर खाचरात उतरूच नये, कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा ताप याच वाटेने शिरतो. डोंगरावर पाऊस वाजत असेल तर ओढ्यातून वेळीच बाहेर पडावे, लोंढा सांगून येत नाही. काही मंडळी डोहात ब्लीचिंग पावडर किंवा औषध ओततात. तो गुन्हा आहे. त्यातून आठवड्याचे कालवण मिळते आणि डोह पुढे ओस पडतो.

काय धरू नये? खेकडा उलटा करून पाहा. पोटावरची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. त्या झडपेखाली अंडी किंवा तांदळाएवढी पिल्ले चिकटलेली असतील तर तिला ओढ्यावर नेऊन सोडा. खाडीतली चिंबोरी लाखांनी अंडी घालते. गोड्या पाण्यातली मादी काही शेकड्यांवर जात नाही, आणि पिल्ले चालती होईपर्यंत पोटाशी वागवते. अशा चार माद्या रश्शात गेल्या तर ओढा रिता व्हायला वेळ लागत नाही. बांधावरची मादी असेल तर तीही नेऊन ओढ्याला सोडावी, बांधही वाचतो. सड्यावर, कातळाच्या फटीत किंवा झाडाच्या ढोलीत जांभळे, केशरी असे रंगीत खेकडे दिसतात, त्यांना मात्र हात लावू नये. सह्याद्रीतल्या अशा पाच जाती शास्त्राला २०१६ साली नव्याने कळल्या. ते लहान असतात, एखाद्याच डोंगरावर राहतात आणि त्यांत मांसही नसते.

आता चूल. खेकडे जिवंत हवेत. मेलेला खेकडा फार लवकर बिघडतो, तो टाकून द्यावा. आणल्यावर घागरीत पाणी भरून ठेवू नयेत. ओल्या पोत्यात किंवा ओल्या पाल्यात ठेवावेत, फार काळ ठेवले तर एकमेकांच्या नांग्या तोडतात. साफ करताना आधी नांग्या आणि पाय मोडून घ्यावेत. पोटावरची झडप काढावी, पाठीचे कवच उचलावे. दोन्ही बाजूंचे मऊ कल्ले आणि तोंडामागची घाणीची पिशवी काढून टाकावी. कवचातला पिवळा गर टाकू नका, सगळी चव त्यात आहे. अंगाचे दोन तुकडे करावेत, मोठ्या नांग्या वरवंट्याने नुसत्या तडकवाव्यात. बारीक पाय पाट्यावर ठेचून पाण्यात कालवून फडक्यातून गाळून घ्यावेत. हे पाणीच रश्शाला दाटपणा देते. भाजलेले सुके खोबरे, भाजलेला कांदा, लसूण, आले यांचे वाटण तेलावर परतावे, घरचा लाल मसाला आणि हळद घालावी. खेकड्याचे तुकडे परतून त्यावर ते गाळलेले पाणी आणि आमसूल घालावे. रस्सा रटरट उकळू लागल्यावर झाकण ठेवून आणखी वीस मिनिटे तरी शिजू द्यावा. सोबत तांदळाची किंवा नाचणीची गरम भाकरी.

ही वीस मिनिटे चवीसाठी नाहीत. गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या अंगात फुप्फुसात घर करणाऱ्या एका चपट्या कृमीची बाल्यावस्था असू शकते. मणिपूर, नागालँड, अरुणाचल या राज्यांत कच्चे किंवा अर्धवट भाजलेले खेकडे खाल्ल्याने हा रोग होतो. खोकल्यातून रक्त पडते, क्षयरोग समजून महिनोन्‌महिने गोळ्या चालतात आणि गुण येत नाही. कोरियात पूर्वी गोवर आलेल्या मुलांना खेकड्याच्या भाऊबंदाचा, क्रेफिशचा, कच्चा रस पाजत, त्यातूनही मुलांना तो जडे. आपल्याकडे सर्दी-खोकल्यावर खेकड्याचा रस्सा देतात, तो कढत द्यावा. कच्चा रस कोणी कितीही खात्रीने सांगितला तरी पोराला पाजू नये.

भगिनींना एक विनंती. ज्या पाट्यावर पाय ठेचले, त्यावर तसेच चटणी वाटायला घेऊ नका. पाटा-वरवंटा, विळी आणि हात साबणाने घासून कढत पाण्याने धुवा, फडके उकळून घ्या. आणि घरात कोणाच्या अंगावर कोळंबी-खेकड्याने गांधी उठत असतील, तर त्या दिवशी त्याच्यासाठी वेगळे पिठले टाका. रश्शातला नुसता पातळ भागही त्याला वाढू नका.