भाड्याच्या पुस्तकातला खुनी

बाभुळगावातून पुस्तकासाठी निघायचं तर एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला धामणगाव रेल्वे. माझ्या हाती आलेली पहिली रहस्यकथा मामांनी यवतमाळहून दिवसाच्या भाड्यानं आणली होती. सकाळच्या एसटीनं ती परत जायची होती, म्हणून खुनी कोण ते त्याच रात्री कळणं भाग होतं. ती घाई माझी आहे असं मला वाटे. ती पुस्तकातच शिवलेली होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

मराठी रहस्यकथा दुकानांपेक्षा भाड्याच्या वाचनालयांनी जास्त जगवली. वाचनालयवाला एक प्रत घेई आणि ती पानं सुटेपर्यंत फिरवी. वाचक दिवसाचे पैसे मोजणारा, त्यामुळे पुस्तक एका बैठकीत संपणारं हवं. आठवड्याभरात तोच वाचक नवं मागणार, म्हणून लेखकाला उसंत नाही. त्यात छापखान्याचं गणित वेगळंच. सोळा पानांचा एक फर्मा, सहा फर्मे म्हणजे 96 पानं. सातव्या फर्म्यात चारच पानं सांडली, तर उरलेल्या बारा पानांचा कागद वाया. तेव्हा डोळा आधी पानांवर ठेवायचा, मग खुन्यावर.

या गणितात बाबूराव अर्नाळकर जितके मुरले तितकं दुसरं कोणी मुरलं नाही. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. 1936 ते 1984 या काळातल्या त्यांच्या 1,092 रहस्यकथांची नोंद गिनीज बुकानं घेतली. म्हणजे 48 वर्षं, महिन्याला जवळपास दोन पुस्तकं! एवढ्या वेगात दर वेळी नवा माणूस उभा करायला सवड कुठली? म्हणून झुंजार, काळापहाड आणि छोटूला सोबत घेऊन फिरणारा धनंजय पुन्हा पुन्हा यायचे. नायक ओळखीचा असला की पहिली दहा पानं त्याची ओळख करून देण्यात जात नाहीत, आणि वाचनालयवाल्यालाही नुसतं नाव सांगून पुस्तक देता येतं. इंग्रजी कथांचा आधार त्यांनी घेतला, यावर नाकं मुरडली गेली. मला मात्र त्यांचं मोठेपण दिसतं ते वाचक घडवण्यात. ज्या घरात एरवी पंचांगापलीकडे छापील कागद नव्हता, तिथेही काळापहाड पोहोचला.

गुरुनाथ नाईकांनी पुढे तोच वेग धरला. त्यांच्या कादंबऱ्याही हजारावर गेल्या. सुहास शिरवळकरांची वाट मला जास्त शिकवून जाते. फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास असे नायक चालवता चालवता त्यांचा हात संवादावर बसला, आणि तोच हात 1982 च्या ‘दुनियादारी’त दिसतो. मालिकेच्या लेखनानं लेखक संपतो म्हणणाऱ्यांनी मालिकेतलं एखादं पुस्तक आणि ‘दुनियादारी’ शेजारी ठेवून वाचावीत.

आज बाभुळगावातल्या एखाद्या मुलीला रहस्यकथा लिहायची असेल, तर फर्म्याची अडचण राहिलेली नाही. मोबाइलवर लिहिता येतं, ई-पुस्तक निघतं, आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो. श्राव्य मालिकेत जुनं भाडं मात्र वेगळ्या रूपात परत आलंय: ऐकणारा दहाव्या मिनिटाला उठून गेला की गेलाच. अडचण सरकली आहे ती कराराकडे. हक्क किती वर्षांसाठी दिले हे कागदावर लिहिलेलं नसेल, तर कॉपीराइट कायदा ते पाच वर्षांपुरते धरतो. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ असली की ती सवलत गेली. लेखकाचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतात. एवढी लांब मिळकत घाईच्या एका सहीवर जाऊ नये. तिनं ती ओळ तीनदा वाचावी, असं मी तिला हात जोडून सांगेन.

आणि तिच्या कथेतला खून इथलाच असावा. झुंजार मुंबईत फिरला, आमच्या जिनिंगच्या आवारात कधी आला नाही. आमच्याकडे विहिरीत माणूस सापडला की आधी पोलीस पाटलाला कळतं, ठाण्यात ‘मर्ग’, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंच गोळा करून पंचनामा होतो. 1 जुलै 2024 पासून हा तपास नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चालतो. जुनं 174 लिहिलं, तर ठाण्यातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. मर्गाचा गुन्हा होतो की नाही, या मधल्या दिवसांत केवढी कादंबरी पडून आहे! पंच म्हणून सही करणारा मयताच्याच धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, शेजारी असतो. धुरा कितीदा कोरला गेला हे गावाला पाठ असतं, आणि विचारलं तर सगळे कापसाच्या भावाबद्दल बोलू लागतात.

मी तिच्या जागी असतो तर पहिलं प्रकरण तिथूनच सुरू केलं असतं. पहाटेची वेळ, बेंबळा नदीकडून धुकं चढलेलं, आणि विहिरीच्या काठावर व्यवस्थित जोडून ठेवलेल्या चपला. त्यातली एक दुसरीपेक्षा एका नंबरनं मोठी.