एअर नदीचा पूर आणि विदेची दुसरी प्रत

२६ डिसेंबर २०१५ रोजी एअर नदीला आलेल्या पुराने लीड्सच्या कर्कस्टॉल रोडवरील व्होडाफोनच्या केंद्राचे कामकाज विस्कळीत केले. एकाच वास्तूत साठवलेली विदा त्या वास्तूच्या दैवाशी बांधलेली असते. म्हणून तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी लागते.

समकालिक, अर्थात सिंक्रोनस, पद्धतीत दोन्ही केंद्रांत नोंद उतरल्याखेरीज ‘जतन झाले’ अशी पोच मिळत नाही. असमकालिक पद्धतीत पहिले केंद्र तत्काळ पोच देते आणि प्रत मागाहून धाडते. दरम्यान ते बुडाले, तर न धाडलेल्या नोंदीही बुडतात.

मग सदैव समकालिकच का नको? प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. लीड्सहून साठेक किलोमीटरवरील मँचेस्टरला जाऊन येण्यास मिलिसेकंदही पुरेसा ठरतो. सुमारे ७,००० किलोमीटरवरील मुंबईसाठी मात्र किमान ७० मिलिसेकंद, तेही प्रत्येक नोंदीमागे.

म्हणून बहुधा जवळची प्रत समकालिक आणि दूरची असमकालिक ठेवतात. मात्र जवळचे केंद्र त्याच नदीकाठी नसावे. शिवाय चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. त्यासाठी जुन्या प्रतींचा स्वतंत्र साठा हवाच. किती क्षणांच्या नोंदी गमावणे परवडेल, हे पुरापूर्वीच ठरवायचे असते.