एकशे एकवीस

२४ सप्टेंबर २०२४ची संध्याकाळ. शिकागोच्या साउथ साइडमधल्या मैदानावर तिकीट काढून आलेल्यांतले बरेच जण आपला संघ हरताना बघायला आले होते. व्हाइट सॉक्स तोवर १२० सामने हरले होते. आणखी एक हरले, की १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सना मागे टाकून आधुनिक बेसबॉलमधला सर्वाधिक पराभवांचा हंगाम त्यांच्या नावावर लागणार होता. एवढं सोसलंच आहे, तर निदान तो क्षण तरी घरच्या मैदानावर, डोळ्यांदेखत घडावा, असा प्रेक्षकांचा हिशेब. सात इनिंग झाल्या तेव्हा पाहुणा एंजल्स संघ २-०ने पुढे होता. सातव्या इनिंगअखेर पिछाडीवर असलेले ९४ सामने सॉक्स त्या हंगामात खेळले होते आणि चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव हरले होते. म्हणजे काम झाल्यातच जमा. स्टँडमधून मालकाच्या नावाने 'संघ विकून टाका'च्या आरोळ्या उठल्या. आणि आठव्या इनिंगमध्ये सॉक्सनी तीन रन काढून सामना ३-२ असा खिशात घातला. वेळेवर हरणंसुद्धा या लोकांना जमेना.

पुढचे दोन दिवसही ते जिंकतच राहिले. एकदा दहाव्या इनिंगमध्ये ४-३, एकदा चक्क ७-०.

१२१ हा आकडा क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला नुसता ऐकून कळत नाही. आयपीएलमध्ये एक संघ साखळीत १४ सामने खेळतो, बेसबॉलमध्ये १६२. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, जवळजवळ रोज. एवढ्या गर्दीत नशीब आपोआप समान वाटलं जातं. शिवाय चेंडू टाकणारा मुख्य पिचर रोज नवा असतो, त्यामुळे दरिद्री संघाकडेही एखादा चांगला पिचर असला, तर त्याच्या दिवशी तो कोणालाही पाणी पाजू शकतो. या खेळातल्या मुरलेल्या लोकांचं एक जुनं गणित आहे : कितीही वाईट संघ असो, एक तृतीयांश सामने जिंकतोच, कितीही चांगला असो, एक तृतीयांश हरतोच, खरी लढाई मधल्या तृतीयांशासाठी. त्याच वर्षी विजेते ठरलेले लॉस एंजेलिस डॉजर्स साखळीत ६४ सामने हरले. या हिशेबाने १६२पैकी ५४ विजय तर फुकटचे. सॉक्सनी जिंकले ४१.

मेट्सचा बचाव करायला जागा होती. १९६२ हे त्यांचं पहिलंच वर्ष, दुसऱ्यांनी नको म्हटलेल्या खेळाडूंची मोट बांधलेली, वर केसी स्टेंगलसारखा गप्पिष्ट मॅनेजर. न्यूयॉर्कने त्यांच्यावर लाडक्या वाया गेलेल्या भाच्यावर करावं तसं प्रेम केलं. व्हाइट सॉक्स मात्र अमेरिकन लीगच्या मूळ संघांपैकी. अमेरिकेतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या शहरातला, १९०६ आणि १९१७ला वर्ल्ड सिरीज जिंकलेला. १९१९ला जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरल्याच्या प्रकरणात याच संघाचे आठ खेळाडू खेळातून कायमचे हद्दपार झाले. त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीज विजयासाठी संघाला २००५पर्यंत थांबावं लागलं. शहराच्या उत्तरेला कब्ज हा दुसरा संघ. त्यांच्या वाट्याला पर्यटक, वेलींनी झाकलेली भिंत, सगळं कौतुक. दक्षिणेला सॉक्स. बराक ओबामा सॉक्सची टोपी मिरवतात ती दक्षिणेचे म्हणूनच.

तर या संघाचा २०२४चा हंगाम.

पहिलाच सामना डेट्रॉइटकडून ०-१. गॅरेट क्रोशे या डावखुऱ्या पिचरने सहा इनिंगमध्ये आठ बॅटर स्ट्राइकआउट केले, एकच रन दिला आणि तेवढ्यावर सामना गेला. अख्खा हंगाम या एका सामन्यात होता, फक्त तेव्हा तो कोणाला दिसला नाही. पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय, २२ पराभव. वर्षअखेरीस बेरीज मांडली तर सॉक्सनी ५०७ रन काढले होते, दिले होते ८१३. रोजचे सरासरी तीन आणायचे आणि पाच द्यायचे. असा संसार कुठवर चालणार?

काही पराभवांना मात्र करणी केल्यासारखा वास होता. २३ मेची रात्र घ्या. समोर बाल्टिमोर ओरिओल्स, शेवटची नववी इनिंग, ८-६ अशी पिछाडी, एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर सॉक्सचे दोघे उभे. अँड्र्यू बेनिन्टेंडीच्या बॅटला लागून चेंडू सरळ वर गेला. अशा वेळी चेंडू हवेत असतानाच अंपायर बॅटरला बाद देतो. नाही तर क्षेत्ररक्षक मुद्दाम झेल सोडायचा आणि झेलाच्या धास्तीने बेसवरच थांबलेल्या दोघांना एका फटक्यात गारद करायचा. ती लबाडी रोखायला केलेला हा नियम. तर बॅटर बाद झाला, दोन बाद, पुढचा बॅटर यायचा. पण दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू वॉन आपल्या जागी परतताना शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत आला, असं अंपायरने ठरवलं. हेंडरसनने तो झेल आरामात घेतला होता. तरी अडथळ्याबद्दल वॉनही बाद. तिसरा गडी, सामना खलास. काय झालं हे कळायला लोकांना काही क्षण लागले. तोवर बाल्टिमोरवाले हस्तांदोलन करत होते. नियमपुस्तकात बसणारा निर्णय असेलही, पण पहिल्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध तो कोणी दिला असता का, अशी शंका माझ्या मनातून जात नाही. हा सामना सॉक्सच्या सलग १४ पराभवांच्या रांगेतला.

दुसरा प्रसंग १० जुलैचा, मिनेसोटाविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते तेव्हाचा. पहिल्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये मायकल कोपेकने नऊ चेंडूंत तिन्ही बॅटर स्ट्राइकआउट केले. तीन माणसं, प्रत्येकी तीन स्ट्राइक, एक चेंडू वाया नाही. याहून कमी चेंडूंत हे होऊच शकत नाही. सॉक्स ३-१ जिंकले. मग दुसरा सामना हरले. आणि तिथून जे हरायला लागले ते ५ ऑगस्टपर्यंत, सलग २१. १९८८च्या ओरिओल्सनी हंगामाच्या सुरुवातीलाच २१ हरून केलेल्या अमेरिकन लीगच्या नीचांकाशी बरोबरी. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ने ती साखळी तुटली आणि दोनच दिवसांत मॅनेजर पेड्रो ग्रिफोलना नारळ मिळाला. २१ पराभवांत नोकरी टिकली ती एका विजयानंतर गेली! त्यांची जागा ग्रेडी साइझमोर या जुन्या क्लीव्हलँड खेळाडूने हंगामापुरती घेतली. तोवरचा हिशेब २८ विजय, ८९ पराभव. साइझमोरच्या हाताखाली १३ आणि ३२.

मॅनेजर बदलून फरक पडणार नव्हता, कारण जे बिघडलं होतं ते डगआउटमध्ये नव्हतंच. जेरी राइन्सडॉर्फ १९८१पासून या संघाचे प्रमुख मालक. मायकल जॉर्डनच्या सहा अजिंक्यपदांच्या शिकागो बुल्सचेही तेच मालक. जॉर्डन १९९४मध्ये बास्केटबॉल सोडून बेसबॉल खेळायला गेला, तोही सॉक्सच्याच बर्मिंगहॅम इथल्या दुय्यम संघाकडून. अशा माणसाने २०२०मध्ये, तरुण आणि होतकरू संघ हाताशी असताना, ७६ वर्षांच्या टोनी ला रुसा या आपल्या जुन्या स्नेह्याला मॅनेजर म्हणून परत बोलावलं. २०२१ला ९३ विजय मिळाले, पण पुढची पायरी चढता आली नाही. २०२२ला ८१ जिंकले, ८१ हरले. २०२३ला १०१ हरले. त्या वर्षी व्यवस्थापनातले दोघे जुने कारभारी गेले आणि संघातल्याच ख्रिस गेट्झकडे सूत्रं आली.

आणि पैसा. सॉक्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार बेनिन्टेंडीचा, पाच वर्षांचे ७.५ कोटी डॉलर. २०२३च्या डिसेंबरात डॉजर्सनी शोहेई ओहतानीशी ७० कोटींचा करार केला. दोन्ही संघ एकाच स्पर्धेत खेळतात.

गेट्झनी जे विकता येईल ते विकलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना दोष देता येत नाही. पडक्या वाड्यात माणूस आधी तुळयाच विकतो. पिचर डिलन सीझ हंगामाआधीच सॅन डिएगोला गेला. २५ जुलैला नव्या संघाकडून खेळताना त्याने समोरच्या संघाला एकही हिट न देता पूर्ण सामना टाकला, तेव्हा त्याचा जुना संघ रोज हरत होता. कोरियात वर्ष गाजवून आलेला एरिक फेडी ३.११ इतक्या कमी सरासरीने टाकत होता; जुलैअखेर तोही सेंट लुइसला रवाना. त्याच सौद्यात कोपेक डॉजर्सकडे गेला आणि ऑक्टोबरात विजेता झाला. उरला क्रोशे. १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट, ऑल-स्टार सामन्यात निवड, आणि खात्यावर ६ विजय, १२ पराभव. मैदानावर लोक खूश होते ते बहुधा एकाच गोष्टीवर : भाजलेल्या मार्शमेलोचा नवा मिल्कशेक. त्यासाठी रांगा लागायच्या.

१२१वा पराभव २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये आला, १-४. त्या विजयाने डेट्रॉइट टायगर्स २०१४नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचले, त्यामुळे मैदानावर जल्लोष होता, पण सॉक्सशी त्याचा संबंध नव्हता. हेच टायगर्स २००३मध्ये या विक्रमाच्या दारात उभे होते आणि शेवटच्या सहांपैकी पाच जिंकून ११९ पराभवांवर निसटले. सॉक्सनीही शेवटच्या सहांपैकी पाच जिंकले. त्यांना ते पुरले नाहीत.

इतकं हरल्यावर नव्या खेळाडूंच्या निवडीत तरी पहिला नंबर लागेल, असं वाटतं. पण वरचे क्रमांक लॉटरीने ठरतात, मोठ्या शहरातल्या संघांना सलग दोन वर्षं लॉटरीतला क्रमांक मिळत नाही आणि आदल्या वर्षीचा पाचवा क्रमांक सॉक्सनी वापरला होता. सर्वांत वाईट संघाला २०२५मध्ये दहाव्या क्रमांकावर निवड करावी लागली. क्रोशेला डिसेंबरातच बॉस्टनला दिलं होतं. तिथे पहिल्याच वर्षी त्याचे २५५ स्ट्राइकआउट झाले, अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक. सॉक्सनी २०२५ला ६० जिंकले, १०२ हरले. याला सुधारणा म्हणायची.

'संघ विकून टाका'चं उत्तर जून २०२५मध्ये आलं. जस्टिन इशबिया या गुंतवणूकदाराशी करार झाला. राइन्सडॉर्फना हवं असेल तर ते २०२९पासून मालकी त्याच्याकडे देऊ शकतात. नको असेल तर इशबियाला ती मागण्याचा हक्क २०३४च्या हंगामानंतर. २०२९मध्ये राइन्सडॉर्फ ९३ वर्षांचे असतील.